नव्या शहरात खरं कोरियन, जपानी, तिबेटी जेवण हुडकायचं कसं?

चिकोडीकर
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात कामासाठी बेंगळूरला चाललोय, मुक्काम बराच असणार. मला आणि बायकोला कोरियन, जपानी, थाई, व्हिएतनामी असलं सगळं खायची मनापासून आवड हाय, घरात जमेल तसं करून बघतोय, पण त्या त्या देशाच्या माणसाच्या हातचं खायचंय. आपल्याकडं चायनीज म्हटलं की गोबी मंचुरी आन् ट्रिपल राईस, ते मी आवडीनं खातो, त्याला नावं ठेवत नाही, पण ते आता आपलंच जेवण झालंय. बेंगळूरात ‘पॅन एशियन’ पाटीची हॉटेलं गल्लोगल्ली हायत म्हणे, मोबाईलवर बघावं तर सगळ्यांना चार-साडेचार स्टार, फोटोही सगळ्यांचे सारखेच, मग नव्या माणसानं वळखायचं कसं? नावं सांगितलीत तरी चालेल, पण हॉटेलं बंद पडतात, मालक बदलतात, कूक निघून जातो, म्हणून मला हुडकायची रीत पायजे. बायको शाकाहारी हाय, अंडं चालतं, तेवढं ध्यानात ठेवून सांगा.

उद्यमबाग_अण्णा
पाव्हणं, रीत विचारलात ते बरं केलात. आमचा मशीन शॉपचा धंदा, त्यामुळं मशीन बघायला, पार्टीला भेटायला फिरणं होतं, आणि नव्या गावात उतरलो की मी हॉटेल हुडकतच नाही, मी आधी माणसं हुडकतो. त्या देशाची माणसं ह्या शहरात का आली आणि राहतात कुठं, एवढं कळलं की निम्मं काम झालं. घरापासून हजारो मैल लांब आलेल्या माणसाला रोज जेवायला लागतं, आणि त्याच्यासाठी जे हॉटेल चालतं तिथं चव बदलून चालतच नाही, बदलली की तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

आता बघा, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात ह्युंदाईचा कारखाना, तिथली पहिली गाडी १९९८ ला बाहेर पडली, त्याच्या मागनं सुटे भाग करणाऱ्या कोरियन कंपन्या आल्या, इंजिनियर आले, त्यांची कुटुंबं आली आणि त्यांच्यासाठी कोरियन खानावळी निघाल्या. पुण्याला रांजणगावात एलजीचा कारखाना हाय, म्हणून पुण्यातही कोरियन जेवण मिळतं. बेंगळूरचं म्हणाल तर बिडदीला टोयोटा किर्लोस्कर, १९९७ ची कंपनी, त्यामुळं जपानी माणसांची ये-जा आणि मुक्काम बेंगळूरात कायमचा. आणि ह्यातलं किर्लोस्कर नाव आपल्या बेळगावातनंच सुरू झालं, लक्ष्मणरावांनी १८८८ ला इथं सायकलचं दुकान काढलं होतं. आज त्या नावाच्या कारखान्यापायी बेंगळूरात चांगलं जपानी जेवण मिळतंय ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाहेरचं माणूस बेळगावात येऊन सावजी जेवण कुठं चांगलं असं विचारलं तर आपण त्याला लॉजच्या खालचं एसी हॉटेल दाखवतो काय? सावजी लोकं जिथं स्वतः जेवतात तिकडं धाडतो. तसंच हाय हे. बेंगळूरात कोरियन हुडकायचं तर कम्मनहळ्ळी, कल्याणनगर, हेण्णूर ह्या बाजूला फिरा, तिकडं कोरियन कुटुंबं आणि विद्यार्थी राहतात. आणि फिरताना एक करा, हॉटेलच्या आधी त्यांचं किराणा दुकान गाठा. गोचुजांगचे, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या लाल मिरचीच्या चटणीचे डबे, समुद्री शेवाळाची पाकिटं, मोठ्या डब्यात किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, असली दुकानं असतात. तिथं चार वस्तू घ्या आणि काउंटरवरच्या बाईला सरळ विचारा, तुम्ही रविवारी कुठं जेवता? एवढ्या प्रेमानं सांगतात लोक, कागदावर लिहून देतात.

निपाणीकर
+१ किराणा दुकानाला. पुण्यात मी असंच केलं होतं, दुकानदारानं सांगितलेल्या हॉटेलला बाहेरनं नीट पाटीसुद्धा नव्हती, एका बंगल्याच्या तळमजल्यावर होतं.

कॅम्पातला_पोरगा
अण्णा, सगळं पटलं, पण मोबाईलवरची माहिती अगदीच टाकाऊ नाही, ती वाचायची पद्धत वेगळी पाहिजे. मी पाच स्टारवाले अभिप्राय बघतच नाही, एक आणि दोन स्टारवाले बघतो. ‘सर्व्हिस वाईट’, ‘पार्किंग नाही’ हे सोडून द्यायचं. पण कुणीतरी चिडून लिहिलेलं असतं की सूप फिक्कं होतं, भात चिकट होता, लोणच्याला आंबूस वास येत होता, वाटीत थंडगार शेवया दिल्या, मसालाच नव्हता... असं वाचलं की मी ते हॉटेल लिहून ठेवतो. कारण जपानी, कोरियन भात चिकटच असतो, किमची आंबलेलीच असते आणि कोरियात बर्फाच्या पाण्यातल्या शेवया, नेंगम्योन म्हणतात त्याला, उन्हाळ्यात मुद्दाम खातात. म्हणजे त्या माणसाला खरं जेवण मिळालं, त्याची अपेक्षा वेगळी होती एवढंच.

दुसरं, अभिप्राय त्या देशाच्या लिपीत किती आहेत ते बघा. कोरियन हॉटेलाला कोरियन लिपीतले अभिप्राय असतील तर पुढं वाचायची गरज नाही, उठायचं आणि जायचं. फोटो हॉटेलनं टाकलेले बघू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा, त्यात मेन्यूकार्डाचा फोटो हमखास असतो. मेन्यूत सुशी पण, थाई करी पण, मोमो पण, वर पनीर चिली पण असं सगळं असेल तर एका स्वैपाकघरात एवढं सगळं धड कोण करणार? छोटा मेन्यू, एकाच देशाचा, शक्यतो एकाच भागाचा, तो खरा.

चिकोडीकर
वा, हे वाईट अभिप्राय वाचायचं डोक्यातच आलं नव्हतं. आत जाऊन बसल्यावर वळखायच्या खुणा काय असतात? आन् शाकाहारीचं सांगा की कुणीतरी.

टिळकवाडी_अक्का
मी सांगते. माझी लेक शिकायला सोलला होती, तिच्याकडं राहून आलेय, आणि नंतर तिच्याबरोबर बँकॉकही झालं. कोरियन हॉटेलात बसल्याबरोबर, तुम्ही मागवायच्या आधीच किंवा मागवल्या मागवल्या, छोट्या छोट्या वाट्या येऊन टेबल भरून जातं. किमची, मुळा, मोड आलेलं, पालकाची भाजी, बटाटा, त्याला बानचान म्हणतात. त्याचे पैसे नसतात, संपलं की परत आणून देतात. ह्या वाट्यांचे वेगळे पैसे मेन्यूत लिहिले असतील तर मी जरा सावध होते. दुसरं म्हणजे चमचा. कोरियन लोक भात आणि सूप चमच्यानंच खातात, काड्या भाजी-मांस उचलायला, आणि त्या काड्या धातूच्या, चपट्या. जपानात वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेतात, कोरियात वाटी टेबलावरच ठेवायची. तुमच्या शेजारच्या टेबलावरची माणसं कशी जेवतात ते बघत बसा, त्यातनं जेवढं कळतं तेवढं कुठल्या वेबसाईटवर कळत नाही.

थाई हॉटेलात भाताबरोबर काड्या ठेवल्या असतील तर ते दुसऱ्याच कुणासाठी सजवलेलं हॉटेल आहे. थाई लोक भात चमचा आणि काट्यानं खातात, काट्यानं ढकलायचं आणि चमच्यानं खायचं, काड्या फक्त नूडल्सच्या वाडग्याला. नूडल्सच्या टेबलावर चार भांड्यांचा संच असतो, साखर, लाल तिखट, मिरची घातलेलं व्हिनेगर आणि मिरची घातलेला माशाचा सॉस. ज्याचं त्यानं चव लावून घ्यायची. तो संच दिसला की मला बरं वाटतं. व्हिएतनामी फो, म्हणजे शेवयांचं सूप, मागवलात तर सोबत ताज्या पाल्याची ताटली, लिंबाची फोड, मिरची यायला पाहिजे, आणि सूप स्वच्छ, खालचं दिसेल असं. हाडं, भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, चक्रीफूल, दालचिनी घालून तासन्‌तास उकळलेलं असतं ते, कॉर्नफ्लोअरचा दाटपणा त्यात कुठंच नसतो. आपल्याकडच्या मंचाव सूपची सवय असेल तर पहिला घोट पाण्यासारखा वाटेल, तरी थांबा, तिसऱ्या चौथ्या घोटाला चव उलगडते.

उद्यमबाग_अण्णा
अक्का, चमच्याचं लाखातलं बोललात.

शाकाहारी_शहापूर
चिकोडीकर, आमच्या घरी जैन, कांदा लसूणही नाही, तरी मी ताइवानला ताइचुंगला कामासाठी जाऊन पोटभर जेवून आलोय, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. आधी धोके सांगतो, मग वाटा.

ह्या देशांत ‘व्हेज’ म्हणजे बऱ्याचदा ‘मांसाचे तुकडे नाहीत’ एवढंच धरतात. जपानी मिसो सूपमध्ये दाशी असतो, म्हणजे वाळवलेल्या माशाचा अर्क, तसंच व्हेज वाटणाऱ्या कित्येक नूडल्सच्या सूपातही. किमचीत खारवलेली कोळंबी आणि माशाचा सॉस असतो. थाई करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली चटणी असते, मग वरनं टोफू घातला तरी काय उपयोग. व्हिएतनामी जेवणात माशाचा सॉस जवळजवळ सगळ्यात. चिनी पालेभाजीवर ऑयस्टर सॉस. म्हणून ‘व्हेज आहे का’ असं विचारू नका, ‘माशाचा सॉस आहे का, कोळंबी आहे का, सूप कशाचं आहे’ असं एक एक नाव घेऊन विचारा. खऱ्या हॉटेलात ते आत जाऊन कूकला विचारून येतात आणि सरळ ‘तुमच्यासाठी हे नाही’ म्हणून सांगतात, ह्याचा मला कधी राग येत नाही, उलट विश्वास बसतो.

आता वाटा. बौद्ध परंपरेत शुद्ध शाकाहार फार जुना आहे आणि त्यात कांदा, लसूण आणि त्याच जातीच्या पातीसुद्धा वर्ज्य. ताइवानमध्ये तर शाकाहारी पाकिटांवर नीट वर्गच छापलेले असतात, पूर्ण शाकाहारी ज्यात कांदा-लसूणही नाही, दुधाचं, अंड्याचं, दूध-अंड्याचं, आणि कांदा-लसूण असलेलं असे वेगवेगळे. कित्येक शाकाहारी हॉटेलांच्या पाटीवर स्वस्तिक असतं, ते बघून मला परदेशात केवढा धीर आला सांगू. कंदमुळं मात्र तिथं चालतात, तेवढं आमच्यासारख्यांनी बघून घ्यायचं. थायलंडमध्ये ‘जे’ म्हणतात, पिवळ्या कापडावर लाल अक्षर, त्यातही कांदा लसूण नाही. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेलं बघायचं, आणि तिकडं चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पुष्कळ माणसं मांस खात नाहीत, त्या दिवशी नेहमीच्या हॉटेलांतही शाकाहारी मिळतं. कोरियात देवळातलं जेवण म्हणून वेगळाच प्रकार आहे, जपानात तसल्याच मठातल्या जेवणाला शोजिन म्हणतात. बेंगळूरात ह्यातलं सगळं मिळेल असं नाही, पण हे शब्द माहीत असले की विचारता येतं.

वहिनींसाठी बेंगळूरात सोपं म्हणजे बिबिमबाप, भातावर भाज्या मांडलेला वाडगा, मांस न घालता, वर अंडं, गोचुजांग वेगळी मागवायची आणि बाकीच्या भाज्यांचं विचारून घ्यायचं. जापचे, म्हणजे रताळ्याच्या पिठाच्या शेवया, ते पण मांस काढून करून देतात.

चिकोडीकर
फार उपयोगी लिहिलात, हे सगळं बायकोला वाचून दाखवलं, तिनं वहीत उतरवून घेतलंय. एक शंका, बेंगळूर लांब राहिलं, आपल्या जवळपास असलं काही नाहीच काय?

खानापूरचा_गडी
हाय की! हे वाचूनच मी लॉगिन केलोय. मुंडगोडची तिबेटी वस्ती! हुबळीपासनं पन्नासेक किलोमीटर, तडसवरनं रस्ता जातो. आणि लोकं मोमो खायला मॉलमध्ये जाऊलालेत.

चीननं तिबेट घेतल्यावर १९५९ ला दलाई लामा आणि हजारो माणसं भारतात आली, त्यावेळच्या म्हैसूर राज्यानं त्यांना जमीन दिली, त्यातली मुंडगोडची वस्ती १९६६ ची. लासाजवळचे गादेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ, दोन्ही पंधराव्या शतकातले, ते इथं परत उभे राहिलेत, कॅम्प एकला गादेन, कॅम्प दोनला द्रेपुंग. मठात शिकणारी हजारो पोरं, त्यांच्यासाठी छोटी छोटी खानावळ. आत गेलं की लाकडी बाकडी, भिंतीवर पोताला राजवाड्याचा फोटो, आणि शेजारच्या टेबलावर लाल वस्त्रातली पोरं वाडग्यात तोंड घालून थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, खात असतात. आता उद्यमबाग अण्णांनी सांगितलेलं बघा, कुणासाठी शिजतंय हे बघायचं, तर इथं ते डोळ्यासमोरच हाय.

मोमो खावाच, पण तेवढ्यावर परत फिरू नका. थेन्थुक मागवा, कणकेच्या, हातानं तोडलेल्या पट्ट्या सूपात टाकतात, पावसाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही. टिंगमो म्हणजे वाफेवर केलेला पदरांचा पाव, तो भाजीबरोबर. लाफिंग, मुगाच्या सत्त्वाची थंड वडी, वर लसूण, मिरची, सोया, झणझणीत, आपल्या तोंडाला लगेच पटते. टेबलावर सेपेन नावाची लाल चटणी असते, जरा जपून घ्या. आन् लोण्याचा खारट चहा एकदा प्यायचाच, तो चहा म्हणून पिऊ नका, सूप समजून प्या म्हणजे आवडतो. मांसाचं काय हाय ते आधी विचारा, बीफ असू शकतं, शाकाहारी मोमोही मिळतात, कोबीचे, बटाट्याचे, पण सूपाचं पाणी हाडाचं हाय काय ते विचारूनच घ्या.

जायच्या आधी लोसार कधी हाय बघा, त्यांचं नवीन वर्ष, फेब्रुवारी-मार्चात येतं. त्या दिवसांत मठ बघायला सुंदर, पण दुकानं हॉटेलं बंद असतात. आणि ते राहणारं गाव हाय, प्रार्थना चालली असली की आत फोटो काढत फिरू नका.

टिळकवाडी_अक्का
थंडीत स्वेटर विकायला येतात ना तिबेटी बायका, त्यांच्याशी मी दरवर्षी बोलते. त्यातल्या एकीनं मला सांगितलं की घरचा थुक्पा असा हॉटेलात मिळत नाही, तिच्या आईसारखा करणारी कोण कोण आहे कॅम्पात तेही सांगितलं. बोललं की माणसं सांगतात.

निपाणीकर
मला एक विचारायचंय, राग मानू नका. हे ‘खरं’ ‘खरं’ करताना आपल्या गोबी मंचुरीवर जरा अन्याय होतोय असं वाटतं. मंचुरियन मुंबईत १९७५ च्या सुमाराला नेल्सन वांग ह्यांनी केलं असं सांगतात, ते स्वतः कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे. म्हणजे तेही चिनी माणसाच्या हातचंच की.

कॅम्पातला_पोरगा
राग कसला, बरोबरच आहे. कलकत्त्यात चिनी माणसं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून राहतात. त्यातले टांग्रा भागातले हक्का लोक चामडं कमवायचा धंदा करायचे, त्यांनी तिथल्या भारतीय गिऱ्हाइकाला आवडेल असं मिरची-आलं-लसणाचं जेवण उभं केलं, तेही खरंच आहे, फक्त ते कलकत्त्याचं चिनी जेवण आहे. आणि तेच लोक सकाळी टिरेट्टा बाजारात रस्त्यावर वाफाळलेले बाव, म्हणजे सारण भरलेले पाव, माशाच्या गोळ्यांचं सूप असं वेगळंच विकतात. कधी कलकत्त्याला गेलात तर रविवारी पहाटे उठून तिथं जा, उशीर केलात तर संपतं. गोबी मंचुरीचा रंग तेवढा बघून खा, कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातलीय ती योग्यच आहे. लालभडक दिसली की मी मागं फिरतो.

राइनकाठचा_बेळगावकर
जर्मनीतून लिहितोय. अण्णांचा नियम इथंही जसाच्या तसा लागू पडतो. डुसेलडॉर्फला जपानी कंपन्यांची ऑफिसं खूप, म्हणून इमरमानस्ट्रास नावाच्या रस्त्यावर जपानी किराणा, बेकरी, रामेनची दुकानं ओळीनं आहेत. दुपारी सूटबूटवाले जपानी लोक रांगेत उभे असतात, मी पण त्यांच्यामागं उभा राहतो, ते जे मागवतात तेच मागवतो. बेळगावच्या पोरांनी परदेशी शिकायला आल्यावर पहिल्या आठवड्यात असा रस्ता शोधून ठेवावा, हिवाळ्यात गरम वाडगा फार आधार देतो.

उद्यमबाग_अण्णा
जपून राहा बाबा तिकडं. चिकोडीकर, अजून एक राहिलं. एशियन म्हटलं की आपण एकदम कोरिया-जपानला पोचतो, पण बेंगळूरात एजीपुरा, नीलसंद्रा ह्या भागात आपल्या ईशान्येकडची पोरं-पोरी मोठ्या संख्येनं राहतात, त्यांच्या खानावळी हायत. नागा जेवणात अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, वास जबर पण चव अशी की भात संपत नाही तोवर हात थांबत नाही. मणिपुरी एरोम्बा हाय, उकडलेल्या भाज्या आणि आंबवलेला मासा कुटून करतात ते. ती पोरं आपल्याच देशातनं एवढ्या लांब येऊन नोकऱ्या करतात, त्यांच्या हॉटेलात जाऊन त्यांच्या पद्धतीनं जेवणं हे मला फार मोलाचं वाटतं. तिथं जाऊन ‘चायनीज काय हाय’ असं तेवढं विचारू नका कुणी, जीव दुखतो त्यांचा.

चिकोडीकर
नाही विचारणार अण्णा. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं चाललोय, पहिल्या रविवारी कम्मनहळ्ळी, आधी किराणा दुकान, मग बाकी. मुंडगोड मात्र जायच्या आधीच उरकतो, खानापूरच्या गड्या, तू येतोस काय?

खानापूरचा_गडी
येतो की! सकाळी लवकर निघूया, दुपारच्या जेवणाला पोचलं पायजे, खानावळी दुपारी मध्येच बंद ठेवतात काही काही. मठ जेवून बघू.

शाकाहारी_शहापूर
मी पण येईन, गाडीत जागा असली तर. माझ्यासाठी दशम्या घेतो, पण तुमच्याबरोबर बसायला आवडेल.

निपाणीकर
चेन्नईचं कुणी सांगेल काय? मेव्हण्याची बदली तिकडं झालीय, कोरियन कळलं, अजून काय?

टिळकवाडी_अक्का
चेन्नईला बर्मी जेवण! १९६२ ला बर्मात लष्कराची सत्ता आल्यावर तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तमिळ लोकांना परत यावं लागलं, त्यांचा बर्मा बाजार पॅरीज कॉर्नरजवळ आहे. त्याच्या आसपास संध्याकाळी अथोच्या गाड्या लागतात. जाड शेवया, कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, तिखट, सगळं हातानं कालवून देतात, वर बेजो नावाची कुरकुरीत तळलेली पापडी चुरतात आणि सोबत केळीच्या खोडाचं गरम सूप. अंड्याचं पण असतं, मधे चिरून त्यात तळलेला कांदा आणि चिंच भरलेलं. मेव्हण्यांना सांगा, संध्याकाळीच जायचं, ज्या गाडीभोवती म्हातारी माणसं बसून आपापसात बर्मीत बोलतात तिथं उभं राहायचं, आणि सूप दुसऱ्यांदा मागायला लाजायचं नाही, देतात.